वेगनियंत्रण, मोटारगाड्यांचे

चालकाने ठरविलेला वेग मोटारगाडीने आपोआप राखावा आणि पुढे चाललेल्या वाहनापासून सुरक्षित अंतर राहील अशा रीतीने तो कमीजास्त करावा, यांसाठी वापरण्यात येणाऱ्या प्रयुक्तींना वेगनियंत्रण यंत्रणा म्हणतात. केवळ वेग स्थिर राखणारी यंत्रणा क्रूझ कंट्रोल या नावाने परिचित आहे. पुढील वाहनाचे अंतर व त्याचा सापेक्ष वेग मोजून त्यानुसार स्वतःचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेस अंतरानुकूली वेगनियंत्रण म्हणतात. या दोहोंहून निराळी अशी वेगमर्यादक ही तिसरी प्रयुक्ती आहे. ती वेग राखीत नाही. ठराविक मर्यादेपलीकडे तो जाऊ देत नाही, इतकेच. तिन्हींचा उगम मात्र एकच, म्हणजे वाफेच्या एंजिनावरील गतिनियंता होय.

पूर्वपीठिका : जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला केंद्रोत्सारी गतिनियंता जोडला. उभ्या फिरत्या दांड्याला बिजागरीने दोन जड गोळे टांगलेले असतात. एंजिनाचा वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप मिटू लागते. वेग उतरला की गोळे खाली येतात व झडप उघडते. पवनचक्क्यांतील जात्यांसाठी या तत्त्वाचा उपयोग त्यापूर्वीही होत असे. यंत्राने स्वतःच्या कार्याचे फलित मोजावे आणि त्यावरून पुढील कार्य ठरवावे, या पुनःप्रदायाच्या तत्त्वाचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. मात्र या प्रयुक्तीत दोन उणिवा होत्या. भार वाढला की वेग थोडा उतरे व उतरलेलाच राही, कारण गोळे खाली आल्याखेरीज झडप अधिक उघडत नसे. शिवाय गतिनियंता फार संवेदनशील केला, तर एंजिनाचा वेग सारखा वरखाली होत राही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये गतिनियंत्यांवरील निबंधात या आंदोलनांचे गणिती विवेचन केले. आधुनिक नियंत्रणशास्त्राचा पाया त्यात आहे. या दोन उणिवांशीच मोटारगाडीच्या वेगनियंत्रणालाही पुढे सामना करावा लागला.

सातारा व सांगली भागातील गतिनियंता : कृष्णा-वारणा खोऱ्यातील शेतकऱ्यास आपोआप चालणाऱ्या नियंत्रणाचा परिचय मोटारगाडीमुळे झाला नाही, तो तेल-एंजिनामुळे झाला. धनजीशा कूपर (१८७८–१९४७) यांनी पुणे–मिरज लोहमार्गावरील सातारा रोड येथे १९२२ मध्ये कारखाना काढला. नांगर व शेतीची अवजारे यांपासून आरंभ करून तेथे पुढे डीझेल एंजिनेही तयार होऊ लागली. कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. हा कारखाना नंतर वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. याच लोहमार्गावर दक्षिणेस, त्या वेळच्या औंध संस्थानातील कुंडल स्थानकाजवळ लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली होती. लोखंडी नांगर व पुढे पंप यांमुळे तिचे नाव सर्वत्र झाले. सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. किर्लोस्करवाडी सांप्रत या जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे.

विहिरीवरील पंप, पिठाची गिरणी आणि गुळाचे गुऱ्हाळ या तिन्ही ठिकाणी एंजिनावरील भार सतत बदलतो. चरकात उसाची मोळी शिरली की एंजिन दबते, ती पार झाली की ते मोकळे सुटते. गतिनियंता नसता, तर भार सुटताच एंजिनाने बेफाम वेग घेतला असता आणि पट्टा निसटून वा चाक फुटून माणसे जायबंदी झाली असती. वजनांच्या फाकण्याने इंधनपंपाची दांडी मागे सरते व फवाऱ्यातून येणारे तेल कमी होते. गुऱ्हाळावरील मिस्त्री हा बदल एंजिनाच्या आवाजावरून ओळखीत असे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या जलविद्युत् केंद्रांतील टरबाइनांवरही गतिनियंते असतात. विजेची मागणी बदलली तरी टरबाइनाचा वेग व त्याबरोबर विजेची कंप्रता कायम राहावी, यासाठी ते पाण्याचा झोत कमीजास्त करतात.

मोटारगाडीतील स्थिर वेग : विसाव्या शतकाच्या आरंभी काही मोटारगाड्यांना गोळ्यांचा गतिनियंता बसविण्यात आला होता. परंतु तो एंजिनाचा वेग राखी, गाडीचा नव्हे. गियर बदलला की त्याचा उपयोग राहत नसे. गाडीचा प्रत्यक्ष वेग राखणारी व्यवहार्य प्रयुक्ती राल्फ टीटर (१८९०–१९८२) या अमेरिकन अभियंत्यांनी तयार केली. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली होती. गाडीचा वेग त्यांना दिसत नसे, पण हिसके व ओढ यांवरून तो अचूक जाणवत असे; चालकाच्या पायाच्या अनियमितपणामुळे बसणारे हे हिसके टाळण्याच्या इच्छेतून हा शोध लागला, असे सांगतात. त्यांना १९५० मध्ये एकस्व मिळाले आणि क्रायस्लर कंपनीच्या १९५८ च्या गाड्यांत ही प्रयुक्ती प्रथम उपलब्ध झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाची बचत होते म्हणून तिचा अमेरिकेत झपाट्याने प्रसार झाला. पुढे यांत्रिक गोळ्यांची जागा इलेक्ट्रॉनीय मंडलांनी घेतली.

चढावर वेग उतरण्याची वॉट यांच्या गतिनियंत्यातील उणीव येथे गणनाने दूर करण्यात आली. वेगातील चुकीच्या प्रमाणात इंधन वाढविणे एवढ्यावर न थांबता, ती चूक किती वेळ टिकली याचीही बेरीज यंत्रणा ठेवते. त्यामुळे खंबाटकीसारखा लांब चढ लागला, तरी वेग हळूहळू मूळ पदावर येतो. मात्र पुढे काय आहे, याचे या यंत्रणेस कोणतेही ज्ञान नसते. रस्ता मोकळा असेल तरच ती उपयोगी ठरते.

अंतरानुकूली यंत्रणेचा उदय : पुढील वाहनाचे अंतर मोजण्याचे प्रयत्न रडारचा शोध लागल्यानंतर काही दशकांतच सुरू झाले, पण गाडीत मावेल इतके लहान व स्वस्त उपकरण दीर्घकाळ साध्य झाले नाही. यूरोपात १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रोमीथिअस प्रकल्पाने या संशोधनाला चालना दिली. जपानमध्ये मित्सुबिशी कंपनीने १९९२ मध्ये लेसर किरणांनी अंतर मोजून चालकास केवळ सूचना देणारी यंत्रणा विक्रीस आणली. १९९५ मध्ये त्याच कंपनीच्या डायमंटी या गाडीत वेगही आपोआप कमी होऊ लागला. परंतु तो इंधन तोडून व गियर उतरवून होई, ब्रेक लावले जात नसत. मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९९९ मध्ये डिस्ट्रॉनिक या नावाने रडारवर आधारित व मर्यादित ब्रेक लावणारी यंत्रणा आणली. त्याच वर्षी सुबारू कंपनीने दोन कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अंतर ओळखणारी यंत्रणा आणली. अशा रीतीने लेसर, रडार व कॅमेरा हे तीनही मार्ग अवघ्या काही वर्षांत खुले झाले. गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाठलाग करू शकणाऱ्या यंत्रणा २००५ च्या सुमारास आल्या.

कार्यपद्धती : यंत्रणेचे तीन भाग असतात. संवेदक पुढील वाहन शोधतो, संगणक निर्णय घेतो आणि कार्यकारी भाग एंजिन वा विद्युत् चलित्र व ब्रेक यांना आज्ञा देतो. मोटारगाडीतील दूर पल्ल्याचे रडार ७६ ते ७७ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे, म्हणजे सु. ४ मिमी. तरंगलांबीचे तरंग सोडते. सोडलेल्या तरंगाची कंप्रता सतत चढती-उतरती ठेवलेली असते. परत आलेला तरंग थोडा जुना असल्याने त्याच्या व त्या क्षणी सोडल्या जाणाऱ्या तरंगाच्या कंप्रतेत फरक पडतो आणि त्यावरून अंतर कळते. वाहनाच्या गतीमुळे डॉप्लर परिणामाने आणखी फरक पडतो. सापेक्ष वेगात दर सेकंदास १ मी. बदल झाला, की तो सु. ५१० हर्ट्‌झने बदलतो. त्यामुळे वेगाचे मापन रडार थेट व अतिशय अचूक करू शकते.

अंतर मीटरांत ठरविण्याऐवजी काळात ठरविण्याची पद्धत रूढ आहे. पुढील गाडी ज्या ठिकाणी आता आहे, तेथे आपली गाडी किती सेकंदांनी पोहोचेल, तो काळ म्हणजे कालांतर होय. चालक साधारणपणे १ ते २ सेकंदांच्या दरम्यान एक कालांतर निवडतो. दर तासास ८० किमी. वेगाने २ सेकंदांचे कालांतर सु. ४४ मी. भरते. वेग कमी होताच अंतरही आपोआप कमी होते. आंतरराष्ट्रीय मानकाने कालांतर ०·८ सेकंदाहून कमी असू नये, असे ठरविले आहे. आपोआप लावल्या जाणाऱ्या ब्रेकची तीव्रताही मानकाने मर्यादित केली असून, सामान्य महामार्गी वेगास ती दर सेकंदास दर सेकंद ३·५ मी. एवढी आहे. हा आकडा महत्त्वाचा आहे. आणीबाणीत चालक कोरड्या रस्त्यावर याच्या दुपटीने वा त्याहून जोराने ब्रेक लावू शकतो. म्हणजेच ही यंत्रणा सोयीसाठी आहे. अपघात टाळण्याचे अंतिम साधन म्हणून तिची रचना झालेली नाही. आणीबाणीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा निराळी असते, जरी ती तेच संवेदक वापरीत असली तरी.

प्रकार व भेद : संवेदकानुसार पाहता, रडार पाऊस, धुके व अंधार यांत फारसे कमी पडत नाही, परंतु वस्तूचा आकार त्यास नीट कळत नाही. कॅमेऱ्यास आकार, मार्गिकेचे पट्टे व मागचे दिवे ओळखता येतात, पण समोरून पडणारे ऊन, दाट पाऊस व काळोख यांत तो दुबळा ठरतो. आरंभीच्या लेसर यंत्रणा पुढील गाडीच्या मागील परावर्तकांवर बऱ्याच अंशी अवलंबून असत. परावर्तक चिखलाने माखले की त्यांची दृष्टी मंदावे. त्यामुळे अनेक गाड्यांत रडार व कॅमेरा एकत्र वापरून दोहोंच्या माहितीचा मेळ घातला जातो.

वेगाच्या पल्ल्यानुसार दुसरा भेद पडतो. जुन्या यंत्रणा सु. ३० किमी. वेगाखाली बंद पडून गाडी चालकाच्या स्वाधीन करीत. पूर्ण पल्ल्याच्या यंत्रणा गाडी थांबवितात आणि पुढची गाडी हलली की पुन्हा चालू करतात. तिसरा भेद संपर्काचा आहे. नेहमीची यंत्रणा पुढील एकच वाहन पाहते. त्याने वेग किंचित कमी केला की मागील गाडी जरा उशिरा व जरा अधिक ब्रेक लावते, तिसरी त्याहून अधिक. अशा रीतीने रांगेच्या शेवटी गाड्या थांबूनही जातात. मॅक्सवेल यांनी एका एंजिनाच्या बाबतीत तपासलेली आंदोलने येथे वाहनांच्या रांगेत उमटतात. बाजारातील काही गाड्यांच्या चाचण्यांत हा दोष आढळून आला आहे. गाड्यांनी परस्परांना बिनतारी संदेशाने आपला प्रवेग कळविल्यास तो टळतो. कॅलिफोर्नियात १९९७ मध्ये अशा संलग्न गाड्यांच्या तांड्याचे प्रात्यक्षिक झाले. तथापि सामान्य वाहतुकीत ही पद्धत रुळलेली नाही.

भारतातील प्रसार : व्यापारी वाहनांसाठी भारतात प्रथम वेगमर्यादकाचा मार्ग स्वीकारण्यात आला. केंद्रीय मोटारवाहन नियमांत २०१५ मध्ये झालेल्या बदलानुसार बहुसंख्य मालवाहू व प्रवासी व्यापारी वाहनांना ताशी ८० किमी. मर्यादेचा वेगमर्यादक आवश्यक झाला. ७६ ते ७७ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील वाहन-रडारला परवान्यातून सूटही त्याच वर्षी मिळाली. २०२० पासून एमजी ग्लॉस्टर, त्यानंतर २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बनणारी महिंद्र एक्सयूव्ही ७०० व २०२२ मध्ये केवळ कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रणा असलेली होंडा सिटी अशा गाड्यांमुळे अंतरानुकूली वेगनियंत्रण मध्यम किंमतीच्या वाहनांत येऊ लागले.

सातारा–सांगलीच्या रस्त्यांवरील कसोटी : मुंबई–बंगळूर महामार्ग (पूर्वीचा क्र. ४, सांप्रत क्र. ४८) शिरवळ, खंबाटकी, भुईंज, सातारा, उंब्रज, कराड व पेठ या मार्गाने दोन्ही जिल्ह्यांतून जातो, रत्नागिरी–सोलापूर महामार्ग मिरज व कवठेमहांकाळवरून जातो. ही यंत्रणा ज्या प्रवेशनियंत्रित रस्त्यांसाठी प्रथम कल्पिली गेली, त्यांहून हे रस्ते तीन बाबतींत वेगळे आहेत.

पहिली बाब घाटांची. जुन्या व्यवस्थेत पुण्याहून येणारी वाहने खंबाटकी घाट चढून येत व साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून उतरत. बोगद्यापुढील दुहेरी वळणावर अनेक अपघात झाल्याने नवे जोडबोगदे हाती घेण्यात आले. तीव्र वळणावर रडारचा अरुंद झोत सरळ जातो आणि पुढील वाहन झोताबाहेर सरते. यंत्रणा रस्ता मोकळा समजून वेग वाढवू पाहते. गाडीच्या वळण्याच्या गतीवरून मार्गाचा अंदाज बांधून हा दोष कमी करता येतो, परंतु वळणात शिरण्यापूर्वी तो अंदाज मिळत नाही.

दुसरी बाब ऊस वाहतुकीची. भुईंज येथील किसन वीर, कराडजवळील सह्याद्री, रेठरे बुद्रुक येथील कृष्णा, साखराळे येथील राजारामबापू पाटील व सांगली येथील वसंतदादा पाटील हे सहकारी साखर कारखाने या रस्त्यांच्या परिसरातच आहेत. गळीत हंगामात रात्रंदिवस ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि रबरी धावांच्या बैलगाड्या चालतात. वर लोंबणाऱ्या उसाने मागचे दिवे झाकले जातात. ताशी ९० किमी. वेगाने येणाऱ्या गाडीपुढे ताशी १५ किमी. वेगाची ट्रॉली आली, तर वरील मर्यादेत ब्रेक लावून तिच्या वेगावर येण्यास सु. ६२ मी. अंतर लागते, बंद पडून उभ्या असलेल्या ट्रॉलीसाठी सु. ८९ मी. लागते. सरळ रस्त्यावर एवढे अंतर मिळते. वळणावर वा चढाच्या माथ्यापलीकडे ते मिळेलच असे नाही. शिवाय उभ्या वस्तूंच्या बाबतीत निराळी अडचण आहे. रस्त्याकडेच्या पाट्या, पूल व कठडे यांपासूनही प्रतिध्वनी येत असल्याने अनेक रडार यंत्रणा आधी हलताना न दिसलेल्या वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. तसे न केल्यास गाडी विनाकारण ब्रेक लावीत राहील. कॅमेऱ्याची ओळख ज्या चित्रांवर घडविलेली असते, त्यांत उसाने भरलेली बैलगाडी पुरेशी नसेल, तर तोही तिला वाहन मानत नाही. हंगामाच्या आरंभी ट्रॉल्यांना व बैलगाड्यांना लावण्यात येणाऱ्या परावर्तक पट्ट्या म्हणूनच माणसाच्या डोळ्याइतक्याच कॅमेऱ्यासही साहाय्यक ठरतात.

तिसरी बाब मार्गिकेच्या शिस्तीची. दोन सेकंदांचे सुरक्षित अंतर मोकळे दिसताच त्यात दुचाकी वा दुसरी गाडी शिरते. यंत्रणा नियमाप्रमाणे मागे सरते, पुन्हा कोणी शिरते. त्रासून चालक सर्वांत लहान कालांतर निवडतो आणि सुरक्षिततेसाठी आणलेल्या साधनातील सुरक्षिततेचा अंश स्वतःच कमी करतो.

मूल्यमापन : अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाच्या पायऱ्या ठरविल्या. त्यांत अंतरानुकूली वेगनियंत्रण एकटे पहिल्या पायरीवर व मार्गिका राखणाऱ्या सुकाणू-साहाय्याबरोबर दुसऱ्या पायरीवर येते. दोन्ही पायऱ्यांवर रस्त्याकडे लक्ष ठेवण्याची जबाबदारी पूर्णतः चालकाचीच असते. यंत्रणेने लांबच्या प्रवासातील शीण कमी होतो व वेग एकसारखा राहतो, हे तिचे खरे लाभ होत. तथापि ज्याचा पाय मोकळा झाला त्याचे लक्षही मोकळे होते, हा धोका तिच्याबरोबरच येतो. गुऱ्हाळावरील गतिनियंता अचूक काम करी, कारण त्याला केवळ स्वतःच्या एंजिनाचा वेग ओळखावयाचा होता. मोटारगाडीतील यंत्रणेस परक्याची चाल ओळखावी लागते. रात्रीच्या वेळी दिवा नसलेली उसाची गाडी पुढे असता ती ओळख पटेल की नाही, हे संवेदकाच्या प्रकारावर, रस्त्याच्या वळणावर आणि त्या गाडीवरील परावर्तक पट्टीवर अवलंबून राहते. ज्या चालकास आपल्या गाडीतील यंत्रणा यांपैकी कोणत्या प्रकारची आहे हे ठाऊक असते, तोच तिचा सुरक्षित उपयोग करू शकतो.